बी. बी. किंग : कापसाच्या शेतापासून तुरुंगाच्या अंगणापर्यंत



आजच्या व्याख्यानाचा नायक कोणी सेनापती नाही की मुत्सद्दी नाही. आडनाव मात्र त्याचे किंग, म्हणजे राजा, असे होते. रायली बी. किंग हा अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातला एक कृष्णवर्णीय गवई. ज्या गाण्याला तिकडे ‘ब्लूज’ म्हणतात ते गाणे त्याने साठांहून अधिक वर्षे गाइले, आणि बी. बी. किंग ह्या नावाने जगाच्या पाठीवर कीर्ती मिळविली. इतिहासाच्या व्यासपीठावर गवयाचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, ज्या समाजाला अक्षर शिकविणे हाच दक्षिणेतील अनेक राज्यांत कायद्याने गुन्हा होता, त्या समाजाचा इतिहास दप्तरखान्यात थोडा आणि गाण्यात फार सापडतो. दुसरे असे की, कलावंताने समाजासाठी काही करणे म्हणजे नेमके काय करणे, ह्या जुन्या प्रश्नाचा विचार करण्यास ह्या चरित्रासारखे दुसरे साधन क्वचितच मिळेल.

तो मुलूख आपल्यापासून दूर आहे खरा. पण एका धाग्याने तो आपल्याशी पूर्वीच जोडला गेला आहे, आणि तो धागा कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिसिसिपीकडचा कापूस मिळेनासा झाला. त्याबरोबर वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला; मुंबईत पैशाचा पूर लोटला, कंपन्यांच्या भागांचा सट्टा माजला, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. त्या युद्धाचे नफातोटे मोजणारे आपल्याकडे पुष्कळ होते; परंतु त्याचे मर्म ओळखले ते जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. अर्पणपत्रिका पुण्याहून गेली. पण ज्यांची मुक्तता झाली त्या लोकांचे पुढे काय झाले, ही कथा आपल्याकडे फारशी कोणी सांगितली नाही.

गुलामगिरी १८६५ साली घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने कागदावर नष्ट झाली. पण त्या दुरुस्तीतच एक फट राहून गेली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून माणसाकडून सक्तीने काम करून घेण्यास तीत मनाई नव्हती. दक्षिणेतील राज्यकर्त्यांनी त्या फटीचा दरवाजा केला. बेकार हिंडणे हा गुन्हा ठरवावा, काळ्या माणसाला पकडावे, दंड भरता आला नाही की त्याला मळ्यावर किंवा खाणीत राबवावे, असा क्रम सुरू झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मिसिसिपी राज्याने पार्चमन येथे प्रचंड शेतीचा तुरुंगच उभारला. तुरुंग आणि कापूस यांची ही सांगड आपण ध्यानात ठेवावी. कारण आपल्या नायकाच्या उत्तरायुष्यात तिचा पुन्हा संबंध येणार आहे.

जे तुरुंगात गेले नाहीत त्यांच्या वाट्याला अर्धेलीची शेती आली. जमीन, बैल व बियाणे मालकाचे, राबणूक कुळाची. पीक निघेपर्यंत खावटी मालकाच्याच दुकानातून उचलायची, आणि वर्षअखेर हिशेब व्हायचा तोही मालकाच्याच वहीवरून. आपल्याकडील कुळाला ही वही निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षभर राबून हाती शून्य, किंवा उलट काही देणेच शिल्लक, अशी स्थिती असे. ह्याच जमिनीतून ब्लूज उगवला. त्याचा बंध साधा आहे. तीन ओळींचे कडवे. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत तिचा निकाल लावायचा. गंधार आणि निषाद हे स्वर त्यात धड शुद्ध नसतात, धड कोमल नसतात. मध्येच कोठेतरी थरथरत राहतात. जात्यावरच्या ओवीत जसे बाईचे सारे आयुष्य मावते, तसे ह्या तीन ओळींत तेथल्या मजुराचे मावते. फरक एवढाच की, ओवी देवाला हाक मारते. ब्लूज बहुधा देवाचे नाव न घेताच आपले दुःख सांगतो. म्हणूनच तेथील धर्मशील मंडळी त्याला सैतानाचे गाणे म्हणत आली.

रायलीचा जन्म १६ सप्टेंबर १९२५ रोजी मिसिसिपीच्या सखल कापूसपट्ट्यात, बर्क्लेअर गावाजवळच्या एका मळ्यावर झाला. आईबाप अर्धेलीचे कूळ. तो चारपाच वर्षांचा असतानाच ते दोघे वेगळे झाले. आई त्याला घेऊन डोंगराळ भागातील किलमायकल गावी गेली, आणि तो दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास वारली. पुढे आजीने सांभाळले; १९४० मध्ये तीही गेली. चौदा वर्षांचा मुलगा एकटा झोपडीत राहून मळ्यावर राबू लागला. प्रार्थनामंदिरात एक नातलग धर्मोपदेशक गिटार वाजवीत असे. त्याने मुलाला दोनचार स्वरमेळ दाखविले. मावशीकडे फोनोग्राफ होता, त्यावर ब्लाइंड लेमन जेफरसन आणि लॉनी जॉन्सन यांच्या तबकड्या ऐकून त्याचे कान तयार झाले. पुढे पंधरा डॉलरची पहिली गिटार त्याने मजुरीतून पैसे कापून देऊन घेतली. पंधरा डॉलर ही त्याची महिन्याची कमाई होती.

ह्याच वयात लेक्सिंग्टन गावी जमावाने ठार मारलेल्या एका काळ्या माणसाचे प्रेत त्याने कचेरीपुढे पाहिले. ती गोष्ट त्याने तेव्हा कोणाला बोलून दाखविली नाही. साठ वर्षांनी आत्मचरित्रात लिहिली. त्याच्या गाण्यातले दुःख कोठून आले असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये.

१९४३ च्या सुमारास तो इंडियनोला ह्या गावी आला आणि मळ्यावर ट्रॅक्टर चालवू लागला. ह्या गावाचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५४ मध्ये शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा निकाल लागताच, त्याला विरोध करण्यासाठी गोऱ्यांची पहिली ‘नागरिक परिषद’ स्थापन झाली ती ह्याच गावी; आणि १९६२ मध्ये फॅनी लू हेमर ही शेतमजूर स्त्री मतदार म्हणून नाव नोंदविण्यास गेली तीही ह्याच गावच्या कचेरीत. शनिवारी रायली गावाच्या कोपऱ्यावर बसून गाई. तो पुढे नेहमी सांगत असे की, भजन म्हटले की लोक पाठीवर थाप मारून, ‘पोरा, मोठा होशील’ म्हणत. आणि ब्लूज म्हटला की तेच लोक नाणे टाकीत. आपण कशाचे गवई व्हायचे, हे बहुधा त्या नाण्यांनीच ठरविले.

१९४६ साली मळ्यावरच्या ट्रॅक्टरची धुराची नळी त्याच्याकडून मोडली. मालकाच्या धाकाने तो गिटार घेऊन मेम्फिस शहरी पळाला आणि बुका व्हाइट ह्या आपल्या नातलगाकडे राहिला. हा बुका व्हाइट स्वतः नामांकित ब्लूज गायक, आणि पार्चमनच्या तुरुंगात काही वर्षे काढून आलेला. तुरुंगातच १९३९ मध्ये लोकगीतांच्या संग्राहकांनी त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. म्हणजे आपल्या नायकाच्या घरातच एका कैद्याची गायकी होती. काही महिन्यांनी रायली मात्र परत इंडियनोलास गेला, मालकापुढे उभा राहिला, मोडतोडीची भरपाई आणि अंगावरचे देणे काम करून फेडले, आणि मगच १९४८ साली राजरोसपणे मेम्फिसला आला. ज्या व्यवस्थेने त्याला आजन्म देणेकरी करण्याचा घाट घातला होता, तिचेही देणे चुकवून तो बाहेर पडला. ऋण ठेवायचे नाही, हा त्याचा स्वभाव येथे प्रथम दिसतो.

मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए ह्या नभोवाणी केंद्राने त्याच सुमारास आपले कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी चालविण्याचा अपूर्व प्रयोग आरंभिला होता. तेथे त्याला दहा मिनिटे मिळाली. त्यात गायचे आणि ‘पेप्टिकॉन’ नावाच्या शक्तिवर्धक औषधाची जाहिरात करायची. बील स्ट्रीटचा ‘ब्लूज बॉय’ म्हणून लोक त्याला ओळखू लागले. त्याचेच आटोपशीर रूप बी. बी. असे झाले. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सासमधील ट्विस्ट गावी नाचगाण्याच्या घरात दोघांची मारामारी होऊन ऊब देणारे रॉकेलचे पिंप कलंडले आणि घर पेटले. बाहेर पडलेला किंग गिटारसाठी पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्यूसील नावाच्या स्त्रीवरून झाले होते असे दुसऱ्या दिवशी कळले. त्यात दोन माणसे जळून मेली होती. असा वेडेपणा पुन्हा करायचा नाही, ह्याची आठवण म्हणून त्याने आपल्या गिटारचे नाव ल्यूसील ठेवले, आणि पुढच्या प्रत्येक गिटारला तेच नाव दिले.

१९५२ च्या आरंभी त्यांचे ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ हे गाणे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या खपयादीत पहिले आले. तेव्हापासून भटकंती सुरू झाली ती मरेपर्यंत थांबली नाही. १९५६ ह्या एका वर्षात त्यांनी ३४२ कार्यक्रम केले. दक्षिणेत गोऱ्यांच्या उपाहारगृहात जेवण नाही, विश्रामगृहात जागा नाही. तेव्हा पुष्कळदा मोटारीतच झोपायचे आणि मोटारीतच खायचे. त्यांचे दोन्ही संसार ह्या भटकंतीत मोडले. ही किंमतही चरित्रकाराने जमेस धरली पाहिजे.

त्यांच्या वादनाविषयी एक गोष्ट सांगतो. त्यांना गाता गाता वाजविता येत नसे. हे ते मोकळेपणाने कबूल करीत. म्हणून ते एक ओळ गात, मग थांबत, आणि ल्यूसील तिला उत्तर देई. बुका व्हाइट तारेवरून धातूची नळी सरकवून जो करुण स्वर काढी, तोही त्यांना साधला नाही. म्हणून ते डाव्या हाताच्या बोटाने तार ओढून आणि थरथरवून तोच परिणाम साधू लागले. आपल्या सतारीवरची मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही करामत चटकन उमगेल. दोन उणिवांतून एक शैली जन्माला आली, आणि पुढे विद्युत गिटार हाती घेणाऱ्या पिढ्याच्या पिढ्यांनी तिचे अनुकरण केले.

परंतु १९६० च्या सुमारास एक विचित्र प्रसंग ओढवला. नागरी हक्कांच्या चळवळीने जागा झालेला कृष्णवर्णीय तरुण नवे ‘सोल’ संगीत ऐकू लागला होता. ब्लूज ऐकला की त्याला आजोबांची झोपडी आणि मालकाची वही आठवे. त्याला ती आठवण नको होती. अशा तरुणांनी किंग यांची हुर्यो उडविली, आणि ते रंगमंचावर रडले. ब्लूज गाणे म्हणजे दोनदा काळे असण्यासारखे आहे, असे ते म्हणत. एकदा गोऱ्यांनी नाकारायचे, आणि एकदा आपल्यांनी. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात गेले तेव्हा लांब केसांच्या गोऱ्या मुलांची गर्दी पाहून आपण चुकीच्या जागी आलो असे त्यांना वाटले. त्या मुलांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. तेथेही ते रडले. १९६९ च्या अखेरीस निघालेल्या ‘द थ्रिल इज गॉन’ ह्या गाण्याने त्यांना साऱ्या अमेरिकेचे श्रोते मिळवून दिले. वय चव्वेचाळीस, पंचवीस वर्षांची पायपीट पदरी.

कीर्ती आणि पैसा आला की कलावंतापुढे दोन वाटा असतात. एक वाट बंगल्याकडे जाते. दुसरी, जेथून आपण आलो तेथे परत जाते. किंग यांची दुसरी वाट तुरुंगातून गेली. १० सप्टेंबर १९७० रोजी शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगाच्या अंगणात त्यांनी दोन हजारांहून अधिक कैद्यांपुढे गाइले. त्या तुरुंगाचे अधिकारी विन्स्टन मूर हे त्या पदावर आलेले पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. निमंत्रण त्यांचेच होते. समोरची बहुतेक माणसे काळी आणि तरुण होती. ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी शेरीफ आणि न्यायाधीश यांची नावे पुकारली जातात तेव्हा कैदी जी आरोळी ठोकतात, ती आजही ऐकता येते. जी भावना अर्जात लिहिली असती तर शिक्षा झाली असती, ती एका गवयाच्या आश्रयाने जगापुढे मांडली गेली.

गाणे संपवून किंग निघून गेले नाहीत. ते कैद्यांशी बोलले. त्यांच्या ध्यानात आले की, ह्यांतील पुष्कळ जण शिक्षा झालेले नाहीतच. ते कच्चे कैदी आहेत, आणि जामिनापुरता पैसा नाही एवढ्याच कारणाने महिनेन् महिने खितपत पडले आहेत. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. मालकाच्या वहीत देणे उरले म्हणून मळ्याला जखडलेला माणूस, आणि जामिनाला पैसा नाही म्हणून कोठडीत जखडलेला माणूस, ह्या दोघांत त्यांना अंतर दिसले नसेल तर नवल नाही. त्या मैफलीची ध्वनिमुद्रिका १९७१ मध्ये निघाली आणि कृष्णवर्णीय संगीताच्या खपयादीत पहिली आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातील अॅटिका तुरुंगात कैद्यांनी बंड केले; ते मोडताना व त्या दिवसांत मिळून ४३ माणसे मेली. तुरुंगाच्या भिंतीआड काय चालते हा प्रश्न मग साऱ्या राष्ट्रापुढे आला.

ह्याच सुमारास किंग यांनी प्रसिद्ध वकील एफ. ली बेली यांच्यासमवेत कैद्यांच्या पुनर्वसनासाठी आणि मनोरंजनासाठी एक संस्था स्थापन केली, आणि पुढील वर्षांत डझनावारी तुरुंगांतून बिदागी न घेता कार्यक्रम केले. नोव्हेंबर १९७२ मध्ये, ज्या दिवशी अमेरिकेत घरोघर कृतज्ञतेचे भोजन असते त्या सणाला, ते जोन बाएझ आदी कलावंतांसह सिंग सिंग तुरुंगात गाइले. त्यावर एक बोलपटही निघाला. त्याच १९७२ साली मुंबईत तरुण लेखकांनी दलित पँथर ही संघटना उभारली आणि तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. फुल्यांनी धाडलेल्या अर्पणपत्रिकेचे उत्तर जणू शंभर वर्षांनी आले.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो टाळणे बरोबर नाही. अशा गाण्यांनी झाले काय? १९७० मध्ये अमेरिकेतील राज्यांच्या व संघराज्याच्या तुरुंगांत सुमारे दोन लाख माणसे होती. चाळीस वर्षांनी ती पंधरा लाखांवर गेली, आणि त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक राहिले. गाण्याने एकही भिंत पडली नाही. शिवाय तुरुंगातल्या मुद्रिकेवर कंपनीने पैसा मिळविलाच. हे सारे खरे आहे. परंतु आक्षेपक एक गोष्ट विसरतात. कायदा बदलणे हे लोकप्रतिनिधींचे काम. ते त्यांनी केले नाही ह्याचा दोष गवयाच्या माथी मारता येत नाही. गवयाचे काम असे की, ज्यांची गणना आकड्यांत होते त्यांची गणना माणसांत करणे. ज्याला कोणी भेटायला येत नाही अशा माणसापुढे, राष्ट्रभर नावाजलेला कलावंत फिलमोरच्या श्रोत्यांपुढे गातो तसाच, हातचे काही न राखता गातो, ही गोष्ट लहान नाही. तेथे दाता आणि याचक हे नातेच उरत नाही.

हीच वृत्ती त्यांच्या इतर कार्यातही दिसते. नागरी हक्कांचे पुढारी मेडगर एव्हर्स यांचा १२ जून १९६३ रोजी मिसिसिपीत खून झाला. त्यांचे बंधू चार्ल्स यांनी १९७३ पासून त्यांच्या स्मरणार्थ उत्सव सुरू केला, आणि किंग दरवर्षी जूनमध्ये त्यासाठी मिसिसिपीत येऊ लागले. त्याच फेरीत ते इंडियनोलास जात आणि गावच्या मुलांपुढे गात. ह्या क्रमात त्यांनी अनेक दशके खंड पडू दिला नाही. १९८० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यांनी आपला हजारो ध्वनिमुद्रिकांचा संग्रह मिसिसिपी विद्यापीठाला दान केला. हे तेच विद्यापीठ, जेथे १९६२ मध्ये जेम्स मेरिडिथ ह्या एका काळ्या विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल होऊन दोन माणसे मेली होती. ज्या दारातून त्यांच्या समाजाला आत येऊ दिले जात नव्हते, त्या दारातून त्यांनी त्या समाजाचे गाणे ग्रंथालयात नेऊन ठेवले. शाळांतील मुलांना फुकट वाद्ये आणि शिक्षण देणाऱ्या एका संस्थेलाही त्यांनी आपले नाव आणि साह्य दिले. १९९० मध्ये मधुमेह जडला, तेव्हा तो लपवून न ठेवता त्याविषयी जाहीरपणे बोलून त्यांनी लोकांना सावध केले.

सन्मान पुष्कळ आले. १९७७ मध्ये येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी, २००६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले ते १५ फेब्रुवारी २००५ रोजी, मिसिसिपीच्या विधिमंडळाने तो दिवस त्यांच्या नावाने पाळला तेव्हा. ज्या राज्याने त्यांना मत देऊ दिले नव्हते, त्याच राज्याचे विधिमंडळ ते होते. २००८ मध्ये इंडियनोला येथे त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय उघडले. त्यासाठी जी जुनी विटांची इमारत घेतली ती कापसाचे जिनिंग चालणारी. तरुणपणी किंग यांनी तेथे मजुरी केली होती. तेथे आता गावच्या मुलांना इतिहास आणि संगीत शिकविले जाते. १४ मे २०१५ रोजी लास वेगास येथे त्यांचे निधन झाले आणि त्यांचा देह इंडियनोलास आणून ह्याच संग्रहालयाच्या आवारात पुरण्यात आला.

ह्या चरित्राचा निष्कर्ष मी थोडक्यात मांडतो. आपण दान हा शब्द फार सैलपणे वापरतो. श्रीमंताने उरलेल्यातून दिले तर त्याला आपण दाता म्हणतो. बी. बी. किंग यांनी जे केले ते ह्या अर्थाचे दान नव्हते. ती फेड होती. ब्लूज ही त्यांची एकट्याची मिळकत नव्हती. ती शेतात राबणाऱ्यांनी, पार्चमनमध्ये खितपत पडलेल्यांनी, नाव नसलेल्या हजारो माणसांनी घडविलेली ठेव होती. ती त्यांच्या हाती आली आणि तिच्यावर ते मोठे झाले. ट्रॅक्टरची भरपाई करायला जो तरुण मालकाकडे परत गेला, तोच वृद्धपणी तुरुंगात आणि गावात परत जात राहिला. पहिले देणे वहीत लिहिलेले होते. दुसरे कोणत्याच वहीत नव्हते. न लिहिलेले देणे जो फेडतो त्याची नोंद ठेवणे, हे इतिहासाचे काम आहे.